‘बोर्ड’ : फळा, पंगत आणि बैठक

इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या बोलीत इतके मुरले आहेत की ते परके आहेत याचे भानही राहत नाही. ‘बोर्ड’ हा त्यांपैकीच एक. इंग्रजीचे एक अक्षर न गिरवलेला वऱ्हाडातील माणूससुद्धा हा शब्द दिवसातून दोनचारदा सहज उच्चारतो. मुलगा दहावीत गेला की त्याची परीक्षा ‘बोर्डाची’ असते. अकोल्याच्या एसटी स्थानकावर उभा असलेला प्रवासी गाडीला कोणता बोर्ड लागला आहे ते पाहतो. घरातील दिव्याची बटणे बोर्डावर असतात, सोंगट्या बोर्डावर खेळल्या जातात, दुकानावर बोर्ड लावला जातो. वीज गेली की जुनी माणसे अजूनही ‘बोर्डाच्या माणसा’ची वाट पाहतात. वस्तुतः १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची २००५ साली वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली. पण ‘बोर्ड’ हे नाव लोकांच्या जिभेवरून गेले नाही. आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रयोग म्हणजे ‘पोरगं बोर्डिंगात टाकलं’.

परीक्षा घेणारी संस्था, गाडीची पाटी, बटणांची चौकट, खेळाचा पाट, वीज देणारे खाते आणि मुलांनी राहावयाचे ठिकाण यांचा परस्परांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. परंतु भाषेत अर्थ वाऱ्यावर उडत येत नाहीत. एका अर्थाच्या कुशीतून दुसरा जन्म घेतो. ‘बोर्ड’चे हे सारे अर्थ एकाच कुळातील आहेत, आणि हे कूळ उलगडत गेल्यास आपल्या निवासी शाळांच्या इतिहासावरही अनपेक्षित प्रकाश पडतो. म्हणून या स्मरणिकेत या एका शब्दाचा विचार करावयाचे योजिले आहे.

मूळ अर्थ : लाकडाची फळी

‘बोर्ड’ हा इंग्रजीतील फार जुना, अगदी आरंभकाळातील शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ लाकूड चिरून काढलेली सपाट फळी. आजही सुताराच्या भाषेत हा अर्थ कायम आहे. फळीसारखे जे जे सपाट व ताठ, ते ते पुढे बोर्ड झाले. जाड पुठ्ठा तो कार्डबोर्ड. भिंतीवर टांगलेली काळी फळी तो ब्लॅकबोर्ड. आपण त्याला ‘फळा’ म्हणतो आणि हा शब्दही ‘फळी’च्याच घरातला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पेले ठेवावयाची फळी ती कपबोर्ड. पुढे तिला दारे आली व ती कपाट बनली, तरी नाव बदलले नाही. संगणकाचा कीबोर्ड व त्याच्या पोटातील मदरबोर्ड हेही याच वंशातले.

‘डॅशबोर्ड’ या शब्दाची कथा तर मनोरंजक आहे. घोडागाडीच्या पुढच्या बाजूस एक आडवी फळी लावीत असत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. घोडा गेला, मोटार आली. चिखल अडवणाऱ्या फळीच्या जागी वेग व इंधन दाखवणारी तबकडी आली. पुढे संगणकाच्या पडद्यावर सारी माहिती एकत्र दाखवणाऱ्या पानालाही तेच नाव मिळाले. आज शिक्षकांना शासनाच्या ‘डॅशबोर्ड’वर विद्यार्थ्यांची माहिती भरावी लागते, तेव्हा त्या शब्दात कुठेतरी जुन्या रस्त्यावरचा चिखल वाळून बसलेला असतो.

या शब्दाला एक दुसरी फांदीही आहे. जुन्या इंग्रजीत जहाजाची कड किंवा बाजू हिलाही ‘बोर्ड’ म्हणत. म्हणून जहाजावर असणे ते ‘ऑन बोर्ड’, आणि जहाजावर चढणे म्हणजे ‘बोर्ड’ करणे. जहाजासाठीचा हा प्रयोग पुढे आगगाडीला व विमानालाही लागू झाला. रेल्वेच्या तिकिटावर ‘बोर्डिंग स्टेशन’ असे लिहिलेले असते, त्या ठिकाणी बडनेरा किंवा मूर्तिजापूर असे नाव येते, आणि विमानतळावर ‘बोर्डिंग पास’ हाती पडतो. तिकिटावरचे ‘बोर्डिंग’ आणि मुलाला ठेवलेले ‘बोर्डिंग’ यांचे स्पेलिंग एकच असले तरी पहिले जहाजाच्या कडेवरून आले आहे व दुसरे जेवणाच्या फळीवरून. देशाची सीमा दाखवणारा ‘बॉर्डर’ हा शब्दही फ्रेंच भाषेचा वळसा घेऊन याच ‘कडे’च्या अर्थाशी जाऊन भिडतो, मात्र बोर्डिंगात राहणारा विद्यार्थी तो ‘बोर्डर’, ‘बॉर्डर’ नव्हे. अर्ज भरताना हा भेद विसरू नये.

फळीवरून पंगत

आता मुख्य वळण. पूर्वी इंग्लंडात जेवणाचे टेबल म्हणजे आधारांवर टाकलेली लांब फळी असे. जेवण झाले की ती उचलून ठेवीत. त्यामुळे ‘बोर्ड’ म्हणजे जेवणाचे टेबल असा अर्थ झाला, आणि हळूहळू त्या टेबलावर वाढले जाणारे अन्न, म्हणजेच रोजचे जेवण, असाही अर्थ रूढ झाला.

आपल्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. त्या अर्थाशी निगडित असलेला दुसरा अर्थ घेणे ती लक्षणा. मराठीत याचे उत्तम उदाहरण ‘पान’ हे आहे. पान म्हणजे झाडाचे पर्ण. पर्णावर जेवण वाढतात, म्हणून ‘पाने मांडली’ म्हणजे जेवणाची तयारी झाली, आणि ‘किती पाने उठली’ म्हणजे किती माणसे जेवली. त्याच पानावर पूर्वी अक्षरेही लिहीत, म्हणून पुस्तकाचेही पान. इंग्रजांनी फळीचे जे केले तेच आपण पानाचे केले. एकाच वस्तूवर माणसाने अन्नही ठेवले आणि अक्षरही ठेवले.

‘बोर्ड’ म्हणजे जेवण, हा अर्थ लक्षात आला की ‘बोर्डिंग’ हा शब्द स्वच्छ होतो. ‘बोर्डिंग’मध्ये जेवण आहे आणि ‘लॉजिंग’मध्ये निवारा. पूर्वी गावोगावच्या खानावळींवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ अशी पाटी दिसे, तिचा अर्थ हाच. मुलांच्या निवासी संस्थेला शासनाने दिलेला शब्द ‘वसतिगृह’. त्यात राहण्यावर भर आहे. ‘छात्रालय’ या शब्दात शिकणाऱ्यावर भर आहे. ‘होस्टेल’ हा शब्द पाहुण्याला थारा देण्याच्या कल्पनेतून आला असून ‘हॉस्पिटल’ त्याचा सख्खा भाऊ आहे. परंतु खेड्यातील आईबापांनी या सर्वांतून ‘बोर्डिंग’ हा शब्द उचलला. ज्या घरात दोन वेळची भाकर हाच प्रश्न होता, त्या घराला शाळेपेक्षाही आधी जेवणाचा शब्द जवळचा वाटावा, यात नवल नाही.

पंगतीवरून बैठक

त्याच फळीभोवती जेवणाखेरीज आणखी एक गोष्ट होत असे. गावचे किंवा संस्थेचे कारभारी तिच्याभोवती बसून निर्णय घेत. त्यामुळे त्या टेबलाभोवती बसणाऱ्या मंडळींनाच ‘बोर्ड’ म्हणू लागले. विश्वस्तांचे बोर्ड, संचालकांचे बोर्ड, १९०५ साली स्थापन झालेले रेल्वे बोर्ड, ही सारी याच अर्थाची अपत्ये होत. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे आपले राज्य शिक्षण मंडळ हेही असेच एक बोर्ड. अमरावती येथील त्याच्या विभागीय मंडळाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे जिल्हे येतात.

लाकडावरून माणसांकडे जाणारा हा प्रवास मराठीलाही अपरिचित नाही. ‘पुढाऱ्यांची पहिली फळी’, ‘दुसरी फळी तयार झाली पाहिजे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही फळीतून माणसेच पाहत असतो. फरक इतकाच की मराठी फळीतली माणसे रांगेत उभी असतात आणि इंग्रजी फळीभोवतीची माणसे समोरासमोर बसलेली असतात.

तीन बोर्ड आणि बंद दारे

येथवर ‘बोर्ड’चे तीन ठळक अर्थ हाती आले : ज्यावर लिहितात तो फळा, ज्यावर जेवतात ती पंगत आणि ज्याभोवती बसून निर्णय घेतात ती बैठक. आता या तिन्ही ठिकाणी आपल्या पूर्वजांची जागा कोठे होती, असा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर एकच येते : तिन्ही ठिकाणी दार बंद होते. फळ्याला हात लावावयाचा नाही, पंगतीला बसावयाचे नाही, बैठकीत बोलावयाचे नाही. अस्पृश्यता म्हणजे केवळ स्पर्शाचा नियम नव्हता. ज्ञान, अन्न आणि सत्ता यांच्यापासून दूर ठेवण्याची ती पक्की व्यवस्था होती.

यांपैकी पहिले दोन बोर्ड एकाच क्षणी समोर आल्याची एक घटना धनंजय कीर यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदविलेली आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेब शिकत असताना शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलावले. इतर मुलांचे जेवणाचे डबे त्या फळ्याच्या मागे ठेवलेले होते. या मुलाचा फळ्याला स्पर्श झाला तर डबे विटाळतील, या भीतीने वर्गात एकच गलका झाला आणि मुले आपापले डबे काढून घेण्यास धावली. पुढे हाताला खडू लागला, पण त्याआधी डबे हलवले गेले.

या एका प्रसंगात शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर आदळलेले दिसतात. शिक्षकाच्या लेखी तो लिहिण्याचा बोर्ड होता. वर्गाच्या लेखी तो जेवणाच्या विटाळाचा बोर्ड होता. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागत होते आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेले राहावे लागत होते, तोच पुढे १९०७ साली मॅट्रिक झाला आणि १९१३ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढला.

बोर्डिंगची चळवळ

शाळा उघडली म्हणून शिक्षण मिळत नाही, कारण शाळा शहरात असते आणि मूल खेड्यात. शहरात आलेल्या मुलाला खोली कोण देणार आणि जेवू कोण घालणार? सवर्णांच्या मुलांना नातलग व खानावळी होत्या. अस्पृश्य मुलाला दोन्ही दारे बंद होती. म्हणून महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः बोर्डिंगांचा इतिहास आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म प्रथम ओळखले. कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर निरनिराळ्या जातिधर्मांसाठी बोर्डिंगांची मालिकाच उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या शाहू बोर्डिंगने त्यापुढचे पाऊल टाकले : निरनिराळ्या जातींसाठी निरनिराळी बोर्डिंगे नव्हेत, तर सर्व जातींच्या मुलांचे एकच बोर्डिंग, एकच स्वयंपाक आणि एकच पंगत. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिचे एक आरंभीचे कार्य म्हणजे १९२५ साली सोलापुरात काढलेले विद्यार्थी वसतिगृह होते. पुढील महाविद्यालये नंतर आली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. आधी बोर्डिंग, मग कॉलेज, हा क्रम विचारपूर्वक होता.

आपल्या वऱ्हाडाचाही या परंपरेत मानाचा वाटा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालविले. तेथे जातीचा भेद न पाळता मुले राहत. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र संत गाडगे महाराज स्वतः निरक्षर, पण भांडी मोडा, सण साजरे करू नका, कर्ज काढू नका, मात्र मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवळाच्या पायरीबाहेर थांबविल्या गेलेल्या संताच्या नावाची वास्तू विद्येच्या कामी आली.

बोर्डिंगातील पंगत ही म्हणून साधी गोष्ट नव्हे. घंटा वाजते, मुले आपापली ताटे घेऊन ओळीने बसतात, वाढपी कोणाची जात विचारत नाही. वरण पातळ असल्याची तक्रार प्रत्येक पिढीने केली असेल आणि पुढेही करील. पण त्या पातळ वरणाच्या ओळीत कोणालाही उठवून दुसरीकडे बसवले जात नाही. भगवान बुद्धांच्या संघात न्हावी असलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली आणि त्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले, ही कथा आपण वर्गात ऐकतो. तिचे रोजचे पाठांतर भोजनगृहात होत असते.

निर्णयाची फळी

तिसरा बोर्ड सर्वांत उशिरा खुला होतो. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालवलेली पाणवठे, विहिरी, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही. तरीही चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरचा निर्णय आणि ओंजळीतले पाणी यांत अंतर असते. ते अंतर कमी करण्यासाठी निर्णय घेणाऱ्यांच्या फळीभोवती आपलाही माणूस असावा लागतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

वऱ्हाडातही हाच अनुभव आला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पुढे डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्यात आल्या. खुर्चीवर कोण बसले आहे याने विहिरीच्या काठावर कोण उभे राहू शकते हे ठरते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले की संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नाही. बौद्ध भिक्खुसंघात आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांचे नियम होते. समान आसनावर बसून, बोलून, मत मोजून निर्णय घेणे, म्हणजे उत्तम अर्थाने ‘बोर्ड’, ही परंपरा आपल्या घरातली आहे.

नाव लिहिलेला फलक हाही एक बोर्डच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. एका फलकावरची अक्षरे बदलण्यास सोळा वर्षे लागली आणि त्यासाठी माणसांनी प्राण दिले. ‘बोर्ड म्हणजे साधी पाटी’ असे आपल्या समाजाला कोणी सांगू नये.

विद्यार्थ्यांसाठी थोडेसे

या शब्दाचे प्रयोग परीक्षेत व व्यवहारात नेहमी भेटतात, म्हणून काही खुणा येथे देतो. ‘ऑन द बोर्ड’ म्हणजे फळ्यावर, किंवा मंडळाचा सदस्य. मधला ‘द’ गळला आणि ‘ऑन बोर्ड’ झाले की अर्थ वाहनात बसलेला असा होतो. वाहनात चढणे या अर्थाने ‘बोर्ड’ हे क्रियापद वापरताना पुढे ‘इन’ किंवा ‘ऑन’ लावावयाचे नसते. ‘बोर्डेड द ट्रेन’ एवढेच पुरे. ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, प्रामाणिक व्यवहार. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवण्यावरून तो आला. ‘अक्रॉस द बोर्ड’ म्हणजे सरसकट, सर्वांना सारखे लागू. अर्थ ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे शेजारचे शब्द पाहणे : शेजारी खडू असेल तर फळा, तिकीट असेल तर प्रवास, ताट असेल तर जेवण, अध्यक्ष असेल तर मंडळ. शब्दाचा अर्थ शब्दकोशात जितका असतो, तितकाच त्याच्या शेजाऱ्यांत असतो.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बोर्डाच्या परीक्षेत मिळालेले गुण हे पहिल्या बोर्डाचे, म्हणजे फळ्याचे फळ होय. ते महत्त्वाचे आहेच. पण मूल बोर्डिंगात राहून चार वेगळ्या घरांतल्या मुलांबरोबर जेवावयास, भांडावयास आणि पुन्हा एकत्र बसावयास शिकले की नाही, हे गुणपत्रिकेवर छापले जात नाही. ते सुट्टीत घरी आल्यावर त्याच्या वागण्यात पाहावे लागते.

आणि माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे आहे. आपल्यापैकी अनेक जण आज तिसऱ्या बोर्डापर्यंत पोहोचले आहेत : कोणी ग्रामपंचायतीत, कोणी शाळेच्या व्यवस्थापन समितीत, कोणी बँकेच्या किंवा कंपनीच्या संचालक मंडळात. त्या फळीभोवती बसल्यावर एक साधी कसोटी लावून पाहावी. ज्या विषयावर निर्णय होतो आहे, त्याची झळ ज्यांना बसणार त्यांच्यापैकी कोणी या खोलीत आहे काय? नसेल, तर त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी बोर्डिंगात जेवलेल्या माणसावर अधिक येते. ‘अबव्ह बोर्ड’ राहून, हात सर्वांना दिसतील असे ठेवून, ती पार पाडणे हीच आपल्या पंगतीची परतफेड होय.